गॅसच्या नळातून हायड्रोजन: ब्रिटनचा अडलेला बेत

इंग्लंडच्या वायव्य भागात, लिव्हरपूलजवळ, एल्समियर पोर्ट हे मर्सी नदीकाठचं औद्योगिक गाव आहे. स्टॅन्लोचा मोठा तेलशुद्धीकरण कारखाना त्याला लागूनच. या गावातली व्हिटबी नावाची वस्ती एका प्रयोगासाठी निवडली गेली. साधारण दोन हजार घरांना येणारा नैसर्गिक वायू बंद करायचा आणि त्याच नळांतून शुद्ध हायड्रोजन सोडायचा, असा बेत होता. थंडीत घर उबदार ठेवणारा बॉयलर, आंघोळीचं पाणी, स्वयंपाकाची शेगडी, सगळं हायड्रोजनवर चालणार होतं. त्या भागातली गॅसची पाइपलाइन सांभाळणारी केडंट कंपनी आणि ब्रिटिश गॅस यांनी मिळून योजना आखली होती. जुलै २०२३ मध्ये सरकारनं ती सोडून दिली. ईशान्य किनाऱ्यावरचं रेडकार हे दुसरं निवडलेलं गाव. तिथली योजना त्याच वर्षी डिसेंबरात रद्द झाली, कारण हायड्रोजन ज्या मुख्य स्रोतातून यायचा तोच उपलब्ध होणार नव्हता. मे २०२४ मध्ये एक अख्खं शहर हायड्रोजनवर नेण्याचा पुढचा टप्पाही लांबणीवर टाकला गेला.

गाव आणि शहर हे योजनेचे दोन्ही टप्पे एका वर्षाच्या आत असे थांबले. ते का थांबले हे नीट समजून घ्यायला हवं, कारण ‘हरित हायड्रोजन’ हा शब्द आज आपल्याकडेही रोज कानावर पडतो आणि उद्या आपल्या स्वयंपाकघरापर्यंत तो येईल अशी आशा दाखवली जाते. ब्रिटनमध्ये शेगडी आणि बॉयलरचे बहुतेक तांत्रिक प्रश्न इंजिनिअरांनी सोडवत आणले होते. गाडी अडली ती दोन ठिकाणी: लोकांच्या उंबरठ्यावर, आणि हायड्रोजन तयार करण्याच्या हिशेबात.

मुळात हा विचार आला का, ते आधी पाहू. ब्रिटनमधली सुमारे २ कोटी ३० लाख घरं गॅसच्या जाळ्याला जोडलेली आहेत. आपल्याकडे पाइपचा गॅस म्हणजे स्वयंपाक; तिथे गॅस म्हणजे मुख्यतः घराची ऊब. मार्च २०१८ च्या पहिल्या दिवशी सैबेरियाकडून आलेल्या थंडीच्या लाटेत संध्याकाळी गॅसच्या स्थानिक जाळ्यातून सुमारे २१४ गिगावॉट इतकी ऊर्जा खेचली गेली. त्याच दिवशी विजेची सर्वोच्च मागणी होती सुमारे ५३ गिगावॉट. ही सगळी ऊब विजेवर न्यायची तर तारा, उपकेंद्रं आणि वीजनिर्मिती यांच्यावर केवढा भार येईल, हा प्रश्न कुणालाही पडावा असाच आहे. नळ आहेत तसे ठेवा, आतला वायू तेवढा बदला, हा विचार त्यातून पुढे आला. २०१६ मध्ये नॉर्दर्न गॅस नेटवर्क्स या कंपनीनं ‘एच-२१ लीड्स सिटी गेट’ नावाचा अहवाल काढला. लीड्ससारखं मोठं शहर पूर्णपणे हायड्रोजनवर नेता येईल, त्याला सुमारे दोन अब्ज पौंड लागतील, असं त्यात मांडलं होतं.

अहवालाच्या बाजूनं एक भक्कम गोष्ट होती. २००२ पासून ब्रिटनमध्ये इमारतींच्या जवळून जाणारे बिडाचे जुने नळ काढून पिवळ्या पॉलिथिलीनचे नळ टाकण्याचं काम चालू आहे. तीस वर्षांचा कार्यक्रम आहे तो. बिडाचे नळ गळतात, तडकतात, म्हणून तो हाती घेतला; हायड्रोजनचा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता. पण हायड्रोजनचे सूक्ष्म रेणू काही प्रकारच्या पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतात, पॉलिथिलीनला मात्र तसं काही होत नाही. दुरुस्तीच्या निमित्तानं देशानं न ठरवता हायड्रोजन चालेल असे नळ रस्त्यांखाली टाकून ठेवले होते.

दुसरा आधार इतिहासाचा होता. १९६० च्या दशकापर्यंत ब्रिटनमधल्या घरांत कोळशापासून बनवलेला वायू जळायचा, आणि त्यात सुमारे निम्मा हायड्रोजनच असे. आपल्या मुंबईतही १८६० च्या दशकात बॉम्बे गॅस कंपनीनं रस्त्यावरचे दिवे पेटवले ते अशाच कोळसावायूवर. लालबागची गॅस कंपनी गल्ली ही त्या काळाची आठवण. १९६५ मध्ये उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला आणि ब्रिटननं सगळा देश त्यावर न्यायचं ठरवलं. १९६६ मध्ये कॅनव्ही बेटावर चाचणी झाली. मग १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत सव्वा कोटीहून अधिक ग्राहकांच्या घरी माणसं गेली, तीन कोटींहून अधिक उपकरणांचे बर्नर आणि सुटे भाग बदलले. मोहल्ल्यामागून मोहल्ला असा तो बदल झाला. ठरलेल्या दिवशी त्या भागाचा जुना वायू तोडायचा, नळ रिकामे करायचे, नवा सोडायचा आणि घरोघर जाऊन एकेक शेगडी तपासून पेटवायची.

ते कामही बिनतक्रार पार पडलं नव्हतं. कोळसावायू ओलसर असायचा आणि त्या ओलीनं बिडाच्या नळांच्या जोडांमधले ताग फुगलेले असायचे. कोरडा नैसर्गिक वायू आल्यावर ते ताग सुकले आणि जोड गळू लागले. स्फोट झाले, लोक घाबरले, १९७० मध्ये प्राध्यापक मॉर्टन यांच्याकडून सुरक्षिततेची चौकशी करवावी लागली. तरी काम तडीस गेलं. म्हणून हायड्रोजनचे पुरस्कर्ते आजही म्हणतात, आमच्या आजोबांनी एकदा करून दाखवलं, आम्ही पुन्हा करू.

या युक्तिवादात एक मोठी फट आहे. एक घनमीटर कोळसावायूत साधारण १८ ते २० मेगाज्यूल ऊर्जा असे, नैसर्गिक वायूत सुमारे ३९. म्हणजे त्या बदलात त्याच नळातून जवळपास दुप्पट ऊर्जा घरी येऊ लागली, आणि तीही स्वस्त. ग्राहकाचा फायदा उघड होता. शिवाय गॅसचा धंदा तेव्हा सरकारी मालकीचा होता. एकानं ठरवायचं आणि सगळ्यांनी करायचं, हे शक्य होतं. हायड्रोजनच्या एका घनमीटरमध्ये ऊर्जा असते फक्त १२.७ मेगाज्यूल. नैसर्गिक वायूच्या एक तृतीयांश. या वेळी बदल उलट्या दिशेनं जाणार होता.

यावर इंजिनिअरांचं उत्तर तयार होतं आणि ते खरंही आहे. हायड्रोजन नैसर्गिक वायूतल्या मिथेनच्या तुलनेत आठपट हलका, त्यामुळे तेवढ्याच दाबाखाली तेवढ्याच भोकातून तो जवळपास तिप्पट वेगानं वाहतो. ऊर्जेचा हिशेब घातला तर शेगडीच्या तोंडाशी दोन्ही वायू जवळपास बरोबरीत येतात. पण तिप्पट वेगाचे परिणाम असतात. नळांत आवाज होतो, तळाशी बसलेली धूळ उचलली जाऊन मीटर आणि झडपांपर्यंत येते. मीटरला तिप्पट घनमीटर मोजावे लागतात, म्हणजे मीटर बदलायचा. दाब राखणाऱ्या कॉम्प्रेसरना जास्त शक्ती लागते. आणि एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही ती म्हणजे साठा. गॅसचे नळ नुसते वाहक नसतात, ते गोदामही असतात. रात्री दाब वाढवून नळांतच वायू भरून ठेवायचा आणि सकाळी सात वाजता सगळे बॉयलर एकदम सुरू झाले की तो वापरायचा, अशी रोजची पद्धत असते. हायड्रोजन भरला की या गोदामात मावणारी ऊर्जा एक तृतीयांशावर येते. मग जमिनीखालच्या मिठाच्या पोकळ्या हव्यात. टीसाइड इथे अशा पोकळ्यांत १९७० च्या दशकापासून उद्योगांसाठी हायड्रोजन साठवला जातो, त्यामुळे तंत्र माहितीचं आहे. पण साऱ्या देशाच्या हिवाळ्याला पुरेल एवढ्या पोकळ्या कोरायच्या म्हणजे काही वर्षांचं आणि पुष्कळ पैशांचं काम.

आता शेगडीपाशी येऊ, कारण रसायनशास्त्र इथे सगळ्यात रंजक आहे.

आपल्या नेहमीच्या शेगडीत वायू बर्नरच्या भोकांपर्यंत पोचण्याआधीच थोडी हवा ओढून घेतो, आणि ते मिश्रण भोकांतून बाहेर येऊन जळतं. मिश्रण बाहेर येण्याचा वेग आणि ज्योत आत सरकण्याचा वेग यांचा समतोल साधला की ज्योत भोकाच्या तोंडावर स्थिर राहते. मिथेनची ज्योत सेकंदाला साधारण ४० सेंटिमीटर वेगानं सरकते, हायड्रोजनची सुमारे तीन मीटर. जुन्या शेगडीत नुसता हायड्रोजन सोडला तर ज्योत भोकातून मागे शिरून मिश्रणाच्या नळीतच जळू लागेल. कधीतरी गॅस मंद करताना बर्नरमधून ‘फट्’ असा आवाज येऊन ज्योत आत गेलेली पुष्कळांनी पाहिली असेल. हायड्रोजनच्या बाबतीत ते नेहमीचंच झालं असतं. म्हणून हायड्रोजनच्या शेगडीत हवा आधी मिसळतच नाहीत. भोकं लहान, बर्नर वेगळा. जुनी शेगडी नुसती जुळवून घेऊन चालत नाही, ती बदलावी लागते.

दुसरी अडचण ज्योत दिसण्याची. नैसर्गिक वायूची ज्योत निळी दिसते ती त्यातल्या कार्बनमुळे. शुद्ध हायड्रोजनची ज्योत दिवसाच्या उजेडात जवळपास दिसतच नाही. घरातल्या हवेतल्या धुळीमुळे आणि क्षारांमुळे तिला थोडी नारिंगी छटा येते, आणि काही उत्पादकांनी बर्नरची रचना अशी केली की तापलेला धातू लाल दिसावा. बॉयलरमधली अडचण डोळ्यांना न दिसणारी आहे. ज्योत पेटली की नाही हे आजचा बॉयलर त्या ज्योतीतल्या विद्युतभारित कणांवरून ओळखतो, आणि हे कण कार्बन जळताना तयार होतात. हायड्रोजनच्या ज्योतीत ते जवळजवळ नसतात. बॉयलरला वाटणार की ज्योत विझली, आणि तो वायू बंद करणार. तेव्हा ज्योत ओळखणारी यंत्रणाच बदलायची, अतिनील किरण टिपणारी बसवायची. ओव्हनमध्ये पाण्याची वाफ साधारण दीडपट होते, त्यामुळे पावाला आणि केकला रंग येण्याची वेळ बदलते. ज्योत जास्त तापली की हवेतल्या नायट्रोजनची ऑक्साइडं वाढतात, तीही आवरावी लागतात.

एक बाजू हायड्रोजनच्या निर्विवाद फायद्याची आहे. तो जळून फक्त पाणी होतं, त्यामुळे बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचून माणसं मरण्याचा धोका पूर्ण जातो. आपल्याकडे हिवाळ्यात गॅस गिझरमुळे बाथरूममध्ये होणारे मृत्यू ज्यांनी वर्तमानपत्रात वाचले आहेत त्यांना या फायद्याची किंमत सांगायला नको. शेगडी-बॉयलरच्या या अडचणी सोडवण्यासाठी सरकारनं ‘हाय-फॉर-हीट’ नावाचा कार्यक्रम चालवला. वूस्टर बॉश, बॅक्सी अशा कंपन्यांनी हायड्रोजनवरचे बॉयलर तयार केले, आणि २०२१ मध्ये गेट्सहेडजवळ लो थॉर्नली इथे दोन घरं उभारून ते लोकांना दाखवले. थोडक्यात, शेगडीचा प्रश्न सुटण्याजोगा होता.

सुरक्षिततेचा प्रश्न मात्र मी तितक्या हलक्यानं सोडणार नाही. हवेत ५ ते १५ टक्के प्रमाणात मिसळला तर मिथेन पेट घेतो. हायड्रोजनसाठी ही कक्षा ४ ते ७५ टक्के आहे. त्याला पेटायला लागणारी ठिणगीही मिथेनच्या दहाव्या हिश्श्याहून लहान पुरते. दुसऱ्या बाजूनं, हायड्रोजन हलका असल्यानं वर जातो आणि भराभर पांगतो. हवेतलं प्रमाण दहा टक्क्यांच्या आत राहिलं तर त्याच्या स्फोटाचा जोर नैसर्गिक वायूएवढाच असतो. त्याच्या वर गेलं की जोर झपाट्यानं वाढतो. त्यामुळे सगळी मदार खोलीत तो किती साचतो यावर येते. बक्स्टनच्या सरकारी प्रयोगशाळेत जुने नळ, जोड, झडपा आणून तपासणी झाली. जे भाग मिथेनसाठी गळत नव्हते ते हायड्रोजनसाठीही गळले नाहीत. जे गळत होते त्यांतून हायड्रोजन आकारमानानं १.१ ते २.२ पट निसटला. हा निकाल आश्वासक होता. पण ‘हाय-फॉर-हीट’च्या २०२१ च्या अहवालात घरातल्या धोक्याचा जो अंदाज आला, त्यानुसार काहीच जादा खबरदारी घेतली नाही तर स्फोटांतून इजा होण्याचं प्रमाण नैसर्गिक वायूच्या जवळपास चौपट होणार होतं. ते पुन्हा आजच्या पातळीवर आणायला प्रत्येक घरात प्रवाह अचानक वाढला तर आपोआप बंद होणाऱ्या दोन झडपा हव्यात, आणि गॅसचं उपकरण असलेल्या खोलीत छताजवळ शंभर चौरस सेंटिमीटरचा, कधीही बंद करता न येणारा झरोका हवा, असं त्यात सांगितलं होतं.

झरोक्याची ही अट वाचायला किरकोळ वाटते. पण ज्या देशात गेली काही दशकं सरकार लोकांना सांगत आलं की फटी बुजवा, भिंतींत अस्तर घाला, ऊब बाहेर जाऊ देऊ नका, तिथल्या माणसाला आता छताखाली भोक पाडायला सांगायचं. डिसेंबरात बाहेरचं गार वारं आत येऊ लागलं की तो पहिल्याच आठवड्यात त्या झरोक्यात जुनं कापड कोंबणार. सुरक्षिततेची पद्धत लोकांच्या शिस्तीवर टेकलेली असेल तर ती कच्चीच धरावी. आणि हा सगळा अभ्यास झाला तो दगडविटांच्या स्वतंत्र, जोड किंवा रांगेतल्या घरांपुरता. बहुमजली फ्लॅट त्यात धरलेलेच नव्हते.

इथून आपण उंबरठ्यावर येतो. एका नळातून दोन वायू जाऊ शकत नाहीत. गल्लीतल्या चाळीस घरांपैकी एकोणचाळीस तयार आणि एक तयार नाही, तर काम थांबतं, नाहीतर त्या एकाचा गॅस तोडावा लागतो. आधी प्रत्येक घरात शिरून पाहणी करायची: तांब्याची नळी फरशीखालून कुठून गेली आहे, पंचवीस वर्षांपूर्वी कुणी कसा जोड मारला आहे, बंद पडलेल्या शेकोटीचा फाटा अजून जिवंत आहे का. मग बॉयलर, शेगडी, मीटर बदलायचे, झरोका पाडायचा. मग उन्हाळ्यात, बॉयलर बंद असतात तेव्हा, ठरलेल्या दिवशी तो भाग जाळ्यातून तोडायचा, नळांतला जुना वायू काढायचा आणि नवा सोडायचा. ब्रिटनमध्ये गॅसच्या कामाचे परवानाधारक एक लाखाहून अधिक आहेत. त्या सगळ्यांना नव्यानं शिकवायचं. घरमालक भेटत नाही, भाडेकरू दार उघडत नाही, आजारी म्हाताऱ्या बाई म्हणतात पुढच्या महिन्यात या. १९६७ मध्ये हे होऊ शकलं, कारण सगळं एका हाती होतं. आज एका कंपनीकडे पाइपलाइन, दुसरीकडे गॅसची विक्री, तिसरीकडे बॉयलरची देखभाल अशी वाटणी आहे.

व्हिटबीत गाडी अडली ती याच उंबरठ्यावर. प्रयोग आपल्या घरावर होणार हे लोकांना कळलं ते निर्णय जवळपास ठरल्यावर, अशी तिथल्या लोकांची भावना होती. हायड्रोजन नको असेल तर विजेवरची उपकरणं देऊ, असं कंपनीनं सांगितलं. पण पूर्वीचा गॅस चालू ठेवायची मुभा नव्हती. सभा झाल्या, फलक लागले, प्रयोगशाळेतले उंदीर आम्ही होणार नाही असं लोकांनी ठणकावलं. मला ही माणसं अडाणी किंवा बदलाला घाबरणारी वाटत नाहीत. प्रयोग संपल्यावर काय, पुढच्या वर्षांत हायड्रोजनचा दर कोण ठरवणार, घर विकताना त्याची किंमत घटेल का, हे त्यांचे प्रश्न होते, आणि त्यांची पटण्याजोगी उत्तरं कुणाकडे नव्हती.

स्कॉटलंडमधल्या फाइफमध्ये एसजीएन कंपनीनं वेगळी वाट धरली. बकहेव्हन आणि मेथिल या किनाऱ्यावरच्या गावांत सुमारे तीनशे घरांसाठी त्यांनी जुन्या नळांशेजारी हायड्रोजनचे नवे नळ टाकले. ज्याला हवं त्यानं यावं, बॉयलर आणि शेगडी फुकट, दर नैसर्गिक वायूएवढाच, आणि परत जायचं तर जुना नळ जागेवर आहेच. लोक आपणहून नाव नोंदवायला आले. संमतीचा प्रश्न सुटला, पण ज्या गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप, म्हणजे असलेले नळ वापरून खर्च वाचवायचा, तीच हातातून गेली. दोन कोटी घरांसाठी रस्ते खणून दुसरं जाळं टाकणं कुणालाच परवडणार नाही.

आणि आता हिशेब. माझ्या मते खरा निकाल इथेच लागतो.

हायड्रोजन नैसर्गिक वायूसारखा विहिरी खणून सहज काढून आणता येत नाही, तो बनवावा लागतो. हरित हायड्रोजनसाठी पवनचक्कीच्या विजेचे १०० युनिट घ्या. पाण्याचं विद्युत अपघटन करताना त्यातले तीसेक जातात. दाबून साठवण्यात आणि नळांतून नेण्यात आणखी काही. उरलेलं बॉयलरमध्ये जळताना थोडं धुराड्यातून बाहेर. घरात ऊब म्हणून पोचतात पंचावन्न-साठ युनिट. तेच १०० युनिट तारेनं थेट घरी आणून हीट पंपाला दिले, तर तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत खेचतो आणि अडीचशेहून अधिक युनिट ऊब देतो. म्हणजे तेवढंच घर हायड्रोजननं तापवायला साधारण चार ते पाचपट पवनचक्क्या लागतील. हा तोटा इंजिनिअरिंग सुधारून भरून निघणारा नाही. हीट पंप उष्णता एका जागेहून दुसरीकडे नेतो आणि बॉयलर ती जाळून निर्माण करतो, हा फरकच मुळात आहे.

दुसरा मार्ग नैसर्गिक वायूपासूनच हायड्रोजन बनवायचा आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीखाली पुरायचा. लीड्सच्या मूळ योजनेत हाच मार्ग होता. कार्बन पकडला नाही तर एक किलो हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पकडला तरी वायूतल्या ऊर्जेचा मोठा वाटा त्या प्रक्रियेत खर्च होतो, म्हणजे तेवढ्याच उबेसाठी आणखी जास्त नैसर्गिक वायू विकत घ्यायचा. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर गॅसचे भाव कुठे गेले हे ब्रिटिश कुटुंबांनी बिलावर पाहिलं होतं. त्यांना जास्त वायू जाळायची योजना पटणं अवघडच होतं. शिवाय गळून हवेत गेलेला हायड्रोजन मिथेन टिकून राहायला मदत करतो, त्यामुळे शंभर वर्षांच्या मापानं त्याचा तापवण्याचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या अकरा-बारापट धरला जातो.

२०२२ मध्ये अभ्यासक यान रोझेनाव यांनी ‘जूल’ या नियतकालिकात ३२ स्वतंत्र अभ्यासांचा आढावा घेतला. घरं तापवण्यासाठी हायड्रोजनचा व्यापक वापर स्वस्त आणि योग्य ठरेल असं त्यातल्या एकाही अभ्यासात निघालं नव्हतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय पायाभूत सुविधा आयोगानंही सरकारला स्पष्ट सांगितलं की घरांच्या उबेसाठी हायड्रोजनचा विचार सोडून द्यावा.

यावर मधला मार्ग सुचवला जातो तो मिश्रणाचा. कील विद्यापीठात २०१९ पासून शंभर घरं आणि तीस इमारतींच्या गॅसमध्ये २० टक्क्यांपर्यंत हायड्रोजन मिसळून पाहिला गेला, पुढे विनलटन गावात ६६८ घरांत. जुन्या शेगड्या, जुने बॉयलर, काही बदलावं लागलं नाही. पण २० टक्के हे आकारमान आहे. हायड्रोजनमध्ये ऊर्जाच तिसऱ्या हिश्श्याची, म्हणून कार्बन वाचतो तो जेमतेम सात टक्के. त्यासाठी महागातला हरित हायड्रोजन खर्च करायचा. हाँगकाँगच्या घरगुती वायूत आजही सुमारे निम्मा हायड्रोजन असतो, हवाईच्या ओआहू बेटावरही थोडा असतो, आणि तिथे कुणाचं काही बिघडत नाही, असा दाखला मिळतो. तो खरा आहे. पण तो हायड्रोजन नाफ्था किंवा नैसर्गिक वायू यांसारख्या इंधनांवर प्रक्रिया करून वायू बनवतानाच तयार होतो. त्यातून हवामानाचा काही फायदा होत नाही.

आपल्याकडेही मिश्रणाचे प्रयोग झाले आहेत. जानेवारी २०२२ मध्ये गेलनं इंदूरच्या शहरी गॅस जाळ्यात हायड्रोजन मिसळायला सुरुवात केली. जानेवारी २०२३ मध्ये सुरतजवळ कवास इथे एनटीपीसीनं आपल्या वसाहतीच्या पाइप गॅसमध्ये विद्युत अपघटनानं बनवलेला हायड्रोजन मिसळला. त्याच महिन्यात १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला मंजुरी मिळाली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हे तिचं लक्ष्य. प्रयोग करायला हरकत नाही. पण मुंबईत महानगर गॅसचा नळ ज्या घरांत जातो ती बहुतेक घरं बहुमजली इमारतींत आहेत, म्हणजे नेमकी तीच, जी ब्रिटनच्या सुरक्षा अभ्यासात धरलेली नव्हती. आणि आपल्या घरातला गॅस मुख्यतः भात-आमटी-पोळीपुरता लागतो. तेवढ्यासाठी विजेची शेगडी पुरते, आणि तीत वीज वाया जाते ती अगदी थोडी.

उलट, अलिबागजवळ थळच्या खत कारखान्यात आजही नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढला जातो, त्याचा अमोनिया होतो, अमोनियाचा युरिया, आणि तो आपल्या शेतांत पडतो. तिथे हायड्रोजनला पर्याय नाही. तेलशुद्धीकरणात नाही, कोळशाविना पोलाद करायचं तर तिथेही जवळपास नाही. हरित हायड्रोजनचा प्रत्येक टन महाग आणि दुर्मीळ असणार आहे, निदान पुढची बरीच वर्षं. तो आधी खताला आणि पोलादाला द्यावा. शहरी गॅस कंपन्यांनी आणि सरकारनं घरगुती नळासाठी नवी गुंतवणूक ठरवण्याआधी व्हिटबी, रेडकार आणि फाइफ इथले हिशेब समोर ठेवावेत, आणि ज्यांच्या घरात नळ शिरणार आहे त्यांना पहिल्या दिवसापासून विचारावं.